वांदीबाईंची संक्रांत

पहिल्या भेटीत वांदीबाईंनी मला आधी वय विचारलं, नाव नंतर. मस्कतच्या एका हॉटेलात मी मेंटेनन्सला होतो. लाँड्रीतल्या वाफेच्या पाइपाखाली उताणा पडून पाना फिरवत होतो, तेवढ्यात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई वाकून म्हणाली, "भाई, तुम कितना साल का?" मी म्हटलं, "बेचालीस." ती लगेच दोन पावलं मागे सरली, हात जोडून मान लववली. "हम अडतीस. तुम बडा." पुढे कळलं, त्या सगळ्यांनाच हे विचारतात. थायलंडमध्ये म्हणे समोरचा थोरला की धाकटा हे ठरल्याशिवाय धड बोलताच येत नाही.

वांदी या थाई नावाचा अर्थ 'चांगला दिवस'. पण हॉटेलात आम्ही चार-पाच कोकणातले. आम्ही त्यांना 'वांधेबाई' म्हणायचो, कारण त्यांच्या हातून डागाळलेलं कापड कधी सुटत नसे. एकदा लग्नाच्या मेजवानीचे टेबलक्लॉथ इस्त्री होऊन, घड्या घालून तयार होते. वांदीबाईंनी एक उजेडात धरला आणि अख्खा ढीग परत धुवायला टाकला. "अरे, मेहमान को नहीं दिखेगा," कुणीतरी कुरकुरलं. "हम को दिखा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच मशीन लावायला गेल्या. एवढंच. आवाज कधी चढवला नाही.

नव्वदच्या दशकातले शेवटचे दिवस होते. आम्ही सारे मस्कतच्या वादी अदाई भागातल्या एका इमारतीत राहायचो. एप्रिल तोंडावर आला तसा त्यांनी मला सांगितलं, "हमारा नया साल आता. सोंगक्रान." मी चमकलो. "म्हणजे आमची संक्रांतच की!" शब्द एकच, मुळात सूर्याचं राशी बदलणंही तेच, फक्त आमची जानेवारीत मकरेची, त्यांची एप्रिलात मेषेची. त्यांच्याकडे तो पाण्याचा सण. आधी बुद्धाला सुगंधी पाण्यानं स्नान, मग थोरांच्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा आणि शेवटी सगळ्यांनी एकमेकांना चिंब करायचं.

पण आमच्या इमारतीत पाणी टँकरनं यायचं. ऑफिसनं जिन्यात नोटीस लावली होती : पाणी वाया घालवील त्याला घरी पाठवू. वांदीबाईंचा करार तर मे महिन्यात संपत होता. घरी म्हातारी आई, शाळेत जाणारी मुलगी. सगळा भार यांच्या पगारावर.

"वांदीबाई, इस साल छोड दो," मी म्हटलं.

"भाई, टंकी का पानी नहीं लेगा," त्या शांतपणे म्हणाल्या. "एसी का पानी किस का है?"

इमारतीभर खिडक्यांतले एसी रात्रंदिवस ठिबकत होते, भिंती ओल्या करत होते. दुसऱ्या दिवशी मी पाइप आणले. तीन आठवडे ते पाणी खाली बादल्यांत साठायचं आणि आम्ही ते गच्चीवरच्या निळ्या पिंपांत नेऊन ओतायचो.

सणाच्या सकाळी गच्चीवर पाच थाई बायका, फिलिपिनो पोरी आणि आम्ही कोकणी मंडळी जमलो. एका स्टुलावर बोटभर उंचीची बुद्धमूर्ती, शेजारी मोगऱ्याची फुलं. इतक्यात इमारतीची देखरेख करणारे अबू सालिम जिन्यातून वर आले. सत्तरीचे ओमानी गृहस्थ, हातात काठी. मला वाटलं, आता बाईंवर खरीखुरी संक्रांत आली.

"पानी किधर से?" त्यांनी पिंपाचं झाकण उचलून विचारलं.

वांदीबाईंनी कठड्यावरून खालच्या एसींकडे बोट दाखवलं. म्हातारा वाकला आणि भिंतीवरचे पाइप बघून हसू लागला. "वल्ला!" म्हणाला, आपल्याकडच्या 'देवाशपथ'सारखं. बाईंनी खुर्ची पुढे केली, गुडघ्यांवर बसल्या आणि त्याच्या सुरकुतल्या हातांवर वाटीनं पाणी घातलं. तो खाली गाडीकडे गेला आणि गुलाबपाण्याची बाटली घेऊन परत आला. "हमारे यहाँ मेहमान आए तो ये डालते," असं म्हणत त्यानं ती पिंपात रिकामी केली.

मग बाई माझ्यासमोर बसल्या. वडील वारले तेव्हा मला गुहागरला पोचता आलं नव्हतं. तेव्हापासून स्वतःला कुणाचा थोरला म्हणवायची लाज वाटायची. तळहातांवर गार पाणी पडलं आणि तोंडून मराठीच आलं, "सुखी राहा, बाई." अर्थ त्यांना कळला असावा. पुढच्याच क्षणी त्यांनी बादली माझ्या डोक्यावर उपडी केली.

दुसऱ्या दिवशी कुणी चहाडी करण्याआधीच त्या मॅनेजरकडे गेल्या. "हम ने किया. टंकी देखो," म्हणाल्या. टाकी भरलेली होती. मे महिन्यात करार वाढला. तीन वर्षांनी त्या लाँड्रीच्या सुपरवायझर झाल्या. चाळीस पुरुषांवर एक बाई. माझी बढती झाली तेव्हाही मी इतके पेढे वाटले नव्हते.

मुलीला नोकरी लागल्यावर त्या कायमच्या गावी गेल्या. पुढच्या वर्षी लाँड्रीत एक नवी थाई मुलगी आली. एप्रिलमध्ये ती कोपऱ्यात रडत बसलेली दिसली. मी तिला गच्चीवर नेलं, पिंपं दाखवली, मोगरा कुठं मिळतो ते सांगितलं. कुणाच्या हातांवर आधी पाणी घालायचं, तेही सांगितलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "अंकल, आप को ये सब किस ने सिखाया?"

"हमारी वांदीबाई ने," मी ताठ मानेनं म्हणालो.