पडद्यावरचं गाव

माझ्या चुलत सासऱ्यांइतका एका जागी न टिकणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत झाला नाही आणि होणारही नाही. कामथडीला त्यांच्या घरी जेवायला बसावं, तर पानात आमटी पडेपर्यंत आप्पा दोनदा उठून अंगणात जाऊन येत. एसटीत जागा मिळाली तरी दारात उभे राहत. अशा माणसाच्या हातात मोबाईल आला. तेव्हा फोनवर नकाशेबिकाशे नव्हते. पण एक सोय चालू केली की ज्या टॉवरची रेंज मिळे, त्याच्या गावाचं नाव पडद्यावर उमटायचं. आपण कुठे आहोत हे सांगणारी ती एवढीशी ओळ. आप्पांचा तिच्यावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास बसला.

"पाव्हणं, हितं हुभं ऱ्हावा. काय दिसतंय? कामथडी. आता बांध वलांडा. बगा, नसरापूर!"

"आप्पा, शेत तर कामथडीचंच ना?"

"ते मानसं म्हंत्यात. टॉवर हाळी देतो, पाव्हणं. ज्याची हाळी मोठी, त्याचं गाव."

भोंगवलीला आम्ही आप्पांच्या पुतण्याची सोयरीक जमवायला गेलो होतो. बैठक रंगात आली असताना हे उठून परसात गेले आणि तिथून ओरडले, "ह्या कोपऱ्यात गाव बदालतंय!" नवऱ्या मुलाच्या चुलत्यांना नेमकं काय झालंय, हे मुलीकडच्यांना समजावताना मला घाम फुटला.

फक्त रविवारी चार वाजता आप्पा ओट्यावर मांडी घालून बसत. त्यांची मुलगी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. वाडीत रेंज नाही. नवरा पुण्यात कामाला. तो रविवारी घरी आला की त्याचा फोन घेऊन ती घरामागच्या थोरल्या दगडावर चढायची. आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय नाव दाखवतंय?" ती म्हणे, "वेल्हे." मग यांचा जीव भांड्यात पडे, कारण वाडीत जाऊन त्यांनी स्वतः पाहून ठेवलं होतं, वेल्हे दिसतं ते त्या दगडावरच.

तिचं दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. दिवस भरत आले होते. त्या रविवारी फोन आला, "आप्पा, आज पानशेत दाखवतंय," आणि तुटला. आप्पा ताडकन उठले. पोरीला कळा लागल्या, पानशेतच्या दवाखान्यात नेलीय, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मी काही सुचवायला गेलो, तर म्हणाले, "फोन खोटं बोलंल व्हय?" एम-एटीवर मागे मला बसवून त्यांनी पाबे घाट असा काढला, की मी रस्त्याकडे बघणंच सोडून दिलं. पानशेतला दवाखाना पाहिला, एसटीचा थांबा पाहिला, पुण्याहून आलेल्या लोकांच्या गर्दीत शिरून भज्यांच्या गाड्यासुद्धा पाहिल्या. पोर कुठेच नाही. आप्पा पुन्हा दवाखान्याकडे वळले. तेवढ्यात फोन वाजला.

"आप्पा, कुठं हायसा?"

"पानशेतात. तू कुठं हायस?"

"घराखालच्या खिंडीत. थोरल्या दगडावर चढवंना आता. हितनं धरणाचं पानी दिसतंय, तर फोनबी पानशेतचाच टॉवर धरतोय."

आप्पा पाण्यापलीकडच्या डोंगराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नऊ म्हैनं भरल्याली पोर, अन् म्या तिला दगडावर चढाय लावत हुतो, पाव्हणं." मला त्यांचा आलेला सगळा राग तिथेच विरला.

पुढचे दोन रविवार ते स्वतःच वाडीला गेले. नात झाली, सगळं सुखरूप पार पडलं. पुढच्या वर्षी वाडीच्या डोक्यावरच टॉवर उभा राहिला. मग पोरीला स्वतःचा फोन मिळाला आणि ती चुलीपुढे बसून बोलू लागली, दिवसातून दोनदासुद्धा. आप्पांना आनंद झाला असेल असं समजून मी एका रविवारी तसं म्हणालो.

"व्हय, बोलती की," ते म्हणाले. "पन समद्या वाडीत आता एकच नाव दिसतंय. आदी ती कुठल्या दगडावर हुभी हाय, ते मला हितं बसून कळायचं."

चार वाजून गेले होते. मी आत जाऊन दोघांचा चहा घेऊन आलो, तरी आप्पा ओट्यावरून उठले नव्हते.