निळा चिमटा

वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नीट धरता येत नव्हता. दादाने तिला त्याच्या विजेच्या वस्तू दुरुस्तीच्या दुकानात बसवलं ते झाडलोट करायला. जळके बोर्ड पुसता पुसता ती ते वाचायला शिकली. कुठला भाग आधी जळला आणि कुठला त्याच्या संगतीने, हे ती नुसत्या वासावरून सांगायची. चार-पाच वर्षांत अशी वेळ आली की गिऱ्हाईक दुकानात शिरलं की दादाकडे न बघता विचारायचं, "बाई आहेत का?" कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई म्हणायची. दादा काही म्हणायचा नाही. तो मारायचा.

मी त्याची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, म्हणून काउंटरवर. तो मारायचा तेव्हा तू काय करत होतीस, असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. मी शटर अर्धं खाली ओढायचे. रस्त्यावरून दिसू नये म्हणून. नऊ वर्षं मी तेवढंच केलं.

हाताने मारणं तर रोजचंच. एकदा टेबलफॅनची जाळी डोक्यात घातली. एकदा ट्रान्सफॉर्मर फेकला, तो पायावर पडून अंगठ्याचं नख कायमचं गेलं. मागच्या वर्षी त्याने तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिच्या डाव्या मनगटावर टेकवलं आणि पाच अंक मोजले. मोठ्याने मोजले, मला काउंटरवर ऐकू आले. गुन्हा काय, तर एका गिऱ्हाइकाने त्याच्यासमोर तिचं कौतुक केलं होतं. "उजवा सोडलाय," तो म्हणाला, "कामाचा आहे म्हणून. पुन्हा माझ्यापुढे शहाणपणा केलास तर तोही जाईल."

आई म्हणाली, त्याच्या नाकावर राग आहे, पण मन साफ आहे. साफ मनाच्या माणसाचा हात आयर्न टेकवताना जरा तरी हलला असता. पण मी मूग गिळून बसले.

दुकानात एक नियम होता आणि तो दादानेच घातलेला होता. नियम चांगला होता, नाही कशाला म्हणू. बोर्डावर डबीएवढा एक कपॅसिटर असतो. त्यात वीज साठते आणि प्लग काढला तरी ती तिथेच दबा धरून बसते. म्हणून हात घालण्याआधी दोन वायरी जोडलेला बल्ब त्याच्या पायांना लावायचा. बल्ब भपकन पेटतो, विझतो, वीज संपते. मग त्या बोर्डाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावायचा. चिमटा दिसला की बेलाशक हात घाला, नसला तर बोर्ड भरलेला समजा. बोर्ड पुन्हा चालू करायचा तर आधी चिमटा काढायचा. ही गोष्ट दादाने वहिनीला शिकवली होती, कान पिळून.

तो प्रोजेक्टर एका शाळेचा होता. जुना, अवजड, उचलताना दोन माणसं लागावीत असा. दादाने आदल्या दिवशी स्वतः उघडला, मोठा कपॅसिटर बदलला आणि नवा उलटा बसवला. त्याच्या अंगावर उणे बाजू दाखवणारी पांढरी पट्टी असते, ती बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. चालू केल्याबरोबर तो सुतळी बॉम्बसारखा फुटला आणि जाता जाता आजूबाजूचे चार भाग जाळून गेला. नाचता येईना अंगण वाकडं. दादा म्हणाला, माल बनावट. सकाळी त्याने तो बोर्ड वहिनीपुढे आपटला.

"पाच वाजता शाळेच्या बाई येणार. तोवर चालू झाला नाही तर उजव्या हाताचं काय होणार ते तुला माहीत आहे."

ज्या हातावर आमचं दुकान चाललं होतं, तोच हात जाळायला तो निघाला होता. रागाला हिशेब कळत नाही.

वहिनीने बल्ब लावला, चिमटा लावला आणि कामाला बसली. फुटलेल्या कपॅसिटरचा लगदा ब्रशने काढला. बोर्डाचा जिथे कोळसा झाला होता तिथे तो ब्लेडने खरवडला, कारण कोळशातूनही वीज वाट काढते. काळ्या पडलेल्या रेझिस्टरचं माप सांगणारे रंगाचे पट्टे जळून गेले होते, म्हणून आम्ही दोघींनी माळ्यावरचा तसलाच एक मेलेला प्रोजेक्टर खाली काढला आणि तिने त्याच्यावरचे पट्टे वाचले. उखडलेल्या तांब्याच्या रेघेवर वायरचा तुकडा टाकला. सगळ्यात शेवटी नवा कपॅसिटर हातात घेतला आणि पांढरी पट्टी मला दाखवली.

"वन्सं, बघा बरं. उणे इकडेच ना?"

तिला ते माहीत होतं. तिला साक्षीदार हवा होता. मी "हो" म्हटलं आणि पुन्हा पावतीपुस्तकात तोंड घातलं.

तीनच्या सुमाराला दादा जेवून आला आणि तिच्या मागे उभा राहिला. तो मागे उभा राहिला की तिचे खांदे कानापर्यंत जायचे. त्या भीतीत तिने बोर्डाला वीज दिली आणि चिमटा काढायचा राहून गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. प्रोजेक्टर सुरू झाला नाही. तिने प्लग काढला आणि बल्बकडे हात नेला.

"झालं?" दादाने विचारलं.

"एक भाग राहिलाय. दहा मिनिटं द्या."

"तूच जाळलास तो."

"मी नाही. काल कपॅसिटर उलटा बसला होता, त्यात गेलाय."

ती हे हळूच बोलली. तरी ते बोलणं होतंच. दादाने तिच्या कानाखाली अशी मारली की तिचं डोकं बाजूच्या रॅकवर आपटलं. बल्ब हातातून सुटून फरशीवर फुटला. तिने तोंडावर हात घेतला, तर त्याने पोटात लाथ घातली. ती वाकली तसे केस धरून तिला वर ओढलं, आणि कोपरानं नाकावर मारलं. रक्त टेबलावर सांडलं. मी उठले. माझे पाय सवयीने शटरकडे निघाले, हे सांगायला मला लाज वाटते.

"उजवा," दादा म्हणाला.

त्याने डाव्या हाताने तिचं उजवं मनगट पकडलं आणि टेबलावर दाबलं. आयर्न तापलेलंच होतं, स्टँडमध्ये. पण मध्ये बोर्ड होता. हात नीट सपाट पसरायला जागा हवी म्हणून तो बोर्ड उचलायला वळला.

"अहो, हात लावू नका," वहिनी म्हणाली. "भरलेला आहे."

"चिमटा दिसतोय ना?"

"चिमटा काढायचा राहिलाय. हात लावू नका."

"मी घातलेला नियम मलाच शिकवतेस?"

"अहो, नका हात लावू."

तिच्या तोंडातून रक्त येत होतं तरी तिसऱ्यांदा ती स्पष्ट बोलली. दादाने चिमट्यावर विश्वास ठेवला, बायकोवर नाही. त्याने बोर्ड खालून मुठीत धरला. फाट् असा आवाज झाला. त्याचा हात कुणीतरी हिसडा मारावा तसा मागे उडाला आणि काउंटरच्या काचेतून आरपार गेला. त्याने तो घाबरून परत ओढला, आणि तेच वाईट झालं. मनगटापासून वर काचेने सोलत नेलं. आत पांढरं काहीतरी दिसत होतं.

मी शटरपाशी पोचले होते. मी ते वर ढकललं, पार वरपर्यंत, आणि रस्त्यावर ओरडत सुटले. वळून बघितलं तर वहिनी दादाच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती. वायरने त्याचा दंड आवळला होता आणि दोन्ही हातांनी जखमेवर फडकं दाबून धरलं होतं. तिच्या नाकातलं रक्त त्याच्या शर्टावर ठिबकत होतं. गाडी येईपर्यंत तिने हात काढला नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर दादाने पहिलं काय केलं, तर पोलिसाला सांगितलं, "हिने मुद्दाम चिमटा लावून ठेवला. माझा जीव घ्यायला." चोराच्या उलट्या बोंबा. आईने पदर डोळ्यांना लावून मान हलवली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, नाकात कापूस. ती म्हणाली, "चिमटा राहिला. चूक माझीच आहे." पोलिसाने ते लिहायला घेतलं. ते तेवढंच लिहिलं गेलं असतं तर ती आत गेली असती.

"ती तीन वेळा हात लावू नका म्हणाली," मी बोलले. "मी मोजलंय. तिचा हात जाळायच्या नादात तो ऐकत नव्हता तेही लिहा. आणि हेही लिहा." मी वहिनीची डावी बाही वर केली. "इथे त्याने पाच मोजले होते. तेही मी ऐकलेत."

आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच काच फोडली. मला बरं वाटलं, आणि त्याहून जास्त शरम वाटली, की हे एक वाक्य बोलायला मला नऊ वर्षं लागली.

वहिनीने तक्रार दिली. कोर्टात तारखा पडतात. प्रोजेक्टरमधला राहिलेला भाग तिने दुसऱ्या दिवशी बदलला, खरंच दहा मिनिटं लागली. शाळेच्या बाई घेऊन गेल्या. घर सोडून का जात नाहीस, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "दुकान मी उभं केलंय. जायचं तर त्यांनी जावं."

दादा गेला नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं अर्धीच मिटतात, मूठ होत नाही. आता काउंटरवर तो बसतो आणि टेबलाशी मी शिकते. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाने "बाई आहेत का?" विचारलं, आणि ते गेल्यावर दादा शिव्या देत टेबलाशी आला. डावा हात वर उचलला.

वहिनीपुढे एक बोर्ड होता. तिने मान वर केली नाही. त्याचा निळा चिमटा काढला आणि टेबलाच्या कडेला, दादाच्या पुढ्यात ठेवला.

दादाचा हात तसाच थांबला. मग खाली आला. तो गुपचूप काउंटरमागे जाऊन बसला.

बोर्ड रिकामा होता. तासाभरापूर्वी मीच त्याला बल्ब लावला होता. मी बोलले नाही.