सुलभाने समासात लिहिलेलं

सुलभाला मी शेवटची भेटले तेव्हा ती दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून मोबाइल वाचत होती. मी तिच्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन गेले होते. महिन्याची वीस, कराचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख होती आणि फोनवर तिचे वकीलसाहेब होते. जयपुरात कराची विवरणपत्रं भरणाऱ्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात. आवाज बाहेरपर्यंत येत होता. "भाभीजी, आप आराम कीजिए, बस ओटीपी बता दीजिए." सुलभाने चष्मा सारखा केला. "रुकिए भैया, पढ़ तो लूँ." आणि ती खरंच वाचत बसली… सलाइन लावलेला हात छातीवर ठेवून, एकेक ओळ. मध्येच एका आकड्याशी थांबली. तो दुरुस्त होऊन आल्यावरच तिने मोबाइलवर आलेले सहा अंक सांगितले. मी डबा धरून उभी होते आणि मला तिचा हेवा वाटत होता. जी बाई आता घरी परतणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं, तिचा.

पाच दिवसांनी ती गेली. त्याला आता चार महिने झाले. ती माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिही, असं घरात सगळे मला म्हणतात, कारण लिहिणं-वाचणं माझ्याकडे. चांगले शब्द आहेतच. पण ते माझ्या हेव्याच्या वाटेनेच येतील असं दिसतं.

आमचं घर मूळ अकोल्याचं. सासरे विमा कंपनीत अधिकारी होते, बदली होऊन जयपुरात आले आणि इथलेच झाले. मी एम.कॉम. होऊन या घरात आले, माझ्या पुस्तकांची पेटी घेऊन. सुलभा चार वर्षांनी आली, तेल्हाऱ्याकडची, बारावी झालेली. घरातल्या सगळ्यांच्या मराठीत हिंदी शिरलं, पण तिचं 'काहून' काही गेलं नाही. प्रत्येक गोष्टीत काहून. नळाला पाणी काहून कमी, दुकानदाराने पावती काहून नाही दिली. मला त्या शब्दाचा कंटाळा यायचा.

आम्ही दोघीही पुढे धंद्यात पडलो. यांनी आणि मी वैशाली नगरात शाळेच्या दप्तरांचं दुकान काढलं, शाळांना घाऊक माल देऊ लागलो. सुलभाने घरातल्या खोलीत रजया शिवून घ्यायला सुरुवात केली आणि नंतर मुरलीपुऱ्यात एक शेड भाड्याने घेतली. त्याच सुमारास एका दुपारी ती माझ्याकडे कुठलं तरी बिल घेऊन आली. आपण माल घेताना भरलेला कर आपल्याला वळता मिळतो म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारत होती. मी वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यासाठी शिकावं लागतं, सुलभा. एका वाक्यात सांगण्यासारखं नाही ते."

"बरं ताई," ती म्हणाली. पुन्हा तिने मला करातलं काही विचारलं नाही.

कुठून कसं शिकली, देव जाणे. पण दोन-तीन वर्षांत जेवताना सासरे तिच्याशी कराबद्दल बोलू लागले. माझ्याशी नाही. एका ठरावीक किमतीच्या आतल्या रजईला कर कमी होता आणि जरा वरच्या रजईला जास्त. तिच्या काही रजया त्या रेषेच्या किंचित वर होत्या. तिने त्यांच्या काठाचं कापड बदललं, किंमत रेषेखाली आणली, आणि गिऱ्हाईक वाढलं. सासरे वाटीत वरण घेता घेता म्हणाले, "हे कोणी सुचवलं तुला?" ती म्हणाली, "कोणी नाही मामाजी. विवरणपत्र भरण्याआधी वाचते ना मी, त्यात दिसलं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एवढी साधी गोष्ट, आणि पदवी माझ्याकडे होती.

मी माझं विवरणपत्र कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. उलट मला त्याचा थोडा अभिमानच होता. आमचे वकीलसाहेब सगळं पाहतात, मला त्यात पडावं लागत नाही, असं मी चारचौघांत सांगायची. नोंदणी करताना कटकट नको म्हणून मोबाइल नंबर त्यांचा दिला होता, ई-मेलही त्यांचाच. ओटीपी त्यांना यायचा, तेच भरायचे. सुलभाने एकदा विचारलं होतं, नंबर तुमचाच दिलाय ना. मी म्हटलं होतं, आमचं आम्ही बघू.

आमचा एक घाऊक व्यापारी होता. आम्हाला तो दप्तरं द्यायचा आणि सुलभाला रजया भरायच्या चेनच्या पिशव्या. सुलभाने अचानक त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. मला म्हणाली, "ताई, तो आपल्याकडून कर घेतो, पण पुढे भरत नाही. त्याने नाही भरला तर आपल्याला वळता मिळत नाही. तुम्ही पण सोडा त्याला." आम्हाला तो माणूस बाजारभावापेक्षा बराच स्वस्तात माल द्यायचा, तिला तशी सूट नव्हती. माझ्या मनात आलं, हिला आमचा भाव बघवत नाही. दुसऱ्याच्या मनात मी काय पाहिलं ते आठवलं की आजही मान खाली जाते… ते माझंच होतं.

पुढे दोन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, आमचा एक धनादेश परत आला. यांनी बँकेत जाऊन विचारलं तर खातं गोठवलेलं. त्या व्यापाऱ्याने कर भरलाच नव्हता आणि आमची वळत्या कराची वजावट नाकारली गेली होती. नोटीस आली होती, स्मरणपत्र आलं होतं, शेवटी आदेशही निघाला होता. सगळं वकीलसाहेबांच्या ई-मेलवर, शेकडो लोकांच्या कागदांत पडून. दुकानातल्या चार माणसांचे पगार द्यायचे होते आणि दप्तरं बनवणाऱ्यांचं देणं डोक्यावर. यांनी म्हटलं, सुलभाला विचारू. मी नाही म्हणाले. नऊ दिवस नाही म्हणाले. दुकान बुडालं तरी चालेल, पण तिच्यासमोर तो कागद ठेवायचा नाही, इथपर्यंत मी गेले होते.

दहाव्या दिवशी यांनीच तिला फोन केला. ती मुरलीपुऱ्याहून स्कूटरवर आली, अंगाला कापसाची तुसं तशीच. एका शब्दाने मागचं काढलं नाही. आदेशाची तारीख पाहिली, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "अपिलाला अकरा दिवस आहेत अजून." वादातल्या रकमेचा थोडा भाग आधी भरला की बाकीची वसुली थांबते, हे तिला माहीत होतं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "लिहायचं तुम्ही. माझं इंग्रजी मोडकं आहे." ती मुद्दे सांगत गेली, मी लिहीत गेले. खातं मोकळं झालं, माणसांचे पगार झाले, दुकान वाचलं. जाताना तिने नोंदणीतला नंबर बदलून माझा घातला. "आता फोन तुमचा वाजेल," म्हणाली, "वाचल्याबिगर सांगू नका." मी तिचे आभार मानायला हवे होते. मी चहा विचारला.

धंदा करणाऱ्या माणसाने आपला कर स्वतः समजून घ्यावा, एवढंच ती सगळ्यांना सांगायची. भरायला माणूस ठेवा, पण समजायला ठेवू नका. शेडमधल्या बायकांनाही सांगायची, की गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर आपला नसतो, तो आपल्याकडे ठेवायला दिलेला असतो. दुसऱ्याची वस्तू घरात असली की कुठे ठेवलीय हे माहीत नको का. माझ्या एम.कॉम.च्या पुस्तकात याला दोन पानं लागली होती.

त्या पुस्तकाचंच शेवटी सांगायचं आहे. तेराव्यानंतर भाऊजींनी, सुलभाच्या नवऱ्याने, मला शेडवर बोलावलं. कापड बेतायच्या लांब टेबलाच्या खणात, खडूंच्या डब्याखाली, माझं एम.कॉम.चं करविषयाचं पुस्तक होतं. रद्दीत गेलं असं मी धरून चालले होते. त्यातला विक्रीकर केव्हाच रद्द झालेला, पण तिने ते पहिल्या पानापासून वाचलं होतं. इंग्रजी शब्दांवर बारीक अक्षरात मराठी अर्थ. आणि समासात, पानोपानी, पेन्सिलीने तिचे प्रश्न, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ: ताईंना विचारायचं.

पुस्तक आता माझ्या टेबलावर असतं. वीस तारखेला फोन वाजतो, मी वकीलसाहेबांना थांबवते आणि विवरणपत्र सावकाश वाचते. मग पुस्तक उघडते. तिच्या प्रश्नांची उत्तरं मी रोज थोडी थोडी त्याच समासात लिहिते आहे. काही मलाही शोधावी लागतात. शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र एक प्रश्न आहे, तो पुस्तकातल्या कशाहीबद्दल नाही. 'ताई स्वतःचं काहून पाहत नाहीत? विचारायचं.' त्याच्यासमोर मी पेन्सिल घेऊन बसते… आणि दर वेळी आधी हेच मनात येतं, की प्रश्नसुद्धा हिलाच नेमका पडला.