भिकूअण्णांना भरलेलं कापरं

मारुंजीत भिकूअण्णांइतका करोनाला भ्यालेला माणूस दुसरा नव्हता. निदान दिवेलागणीपर्यंत तरी नव्हता. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, भाडेकऱ्यांच्या गाडीच्या चाकांवर औषध फवारायचं, कुणाचा मास्क नाकाखाली दिसला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं खेकसायचं. संध्याकाळी मात्र अण्णा सात नंबरच्या खोलीत जायचे. कंपन्यांनी भाडेकरू पोरांना आपापल्या गावी बसून काम दिल्यापासून अण्णांच्या भाड्याच्या बारा खोल्यांतल्या नऊ ओस पडल्या होत्या, आणि सातचं दार मागच्या बाजूला उघडायचं. तिथं अण्णा आणि जनार्दन टेम्पोवाला एकाच ग्लासातून आळीपाळीनं प्यायचे. मास्क तेवढा वेळ खिळ्याला.

"दारूनं जंतू आतल्या आत मरतोय," असं जनार्दनचं वैद्यक. तो स्वतः दोनदा पॉझिटिव्ह आला, पण मत काही त्यानं बदललं नाही.

तुळजाबाईंना नवरा घेतो हे ठाऊक होतं. 'जरा घेत्यात', एवढंच. किती घेतात ते गल्लीला माहीत होतं. पण गल्ली अशी गोष्ट जिची तिला सोडून सगळ्या गावाला सांगते.

एकवीसच्या एप्रिलात अण्णांच्या थोरल्या भावजय अनसूयाबाई गेल्या. साखरेचा आजार, त्यात करोना. नऊ दिवसांत खेळ आटोपला, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. साखर तुळजाबाईंनाही होती. तेव्हापासून अण्णांनी एकच धोशा लावला : तू लस घे.

"आदी तुमी घ्या," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमाला काय झालं न्हाई, तर मी घेते."

घोडं पेंड खात होतं ते इथंच. लस घेतली की पंधरा दिवस दारू बंद, थेंब जरी पोटात गेला तरी माणूस जागेवर आडवा, असं गावात पक्कं ठरलं होतं. कुणी सांगितलं? सगळ्यांनीच. लस गावच्या शाळेत टोचत होते; अण्णा दोनदा तिच्या फाटकातून माघारी फिरले. एकदा रांग मोठी होती, एकदा आधारकार्ड सापडेना. तिसऱ्या खेपेला तुळजाबाईंनी कार्ड स्वतः खिशात घातलं. अण्णांनी सुई टोचून घेतली आणि त्या संध्याकाळी सात नंबरला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाची बशी वाजायला लागली. मग हात, मग हनुवटी. अंगाला दरदरून घाम, पोटात पाणी ठरेना. शेजारणी गोळा झाल्या.

"लसच बाधली बगा."

अण्णांनी मान हलवली. आता मान तशीही हलतच होती, पण ही त्यांनी स्वतः हलवली. लगेच कुणी पेज आणली, कुणी तळपायाला तेल चोळलं. तीस वर्षांत एवढी माया त्यांच्या वाट्याला आली नव्हती. खरं काय ते अण्णांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी दारूची दुकानं बंद होती, तेव्हाही अस्संच कापरं भरलं होतं. थंडीताप म्हणून ते गोधडीत शिरले, आणि जनार्दननं कासारसाईकडून बाटली पैदा केल्यावर ताप उतरला.

तिसऱ्या दिवशी गावातली आशा सेविका शुभांगी दारात आली. "काकू, आज तुमचं नाव हाय. चला. गल्लीतली एकबी बाई आली न्हाई शाळेत."

"न्हाई गं बाई. ह्यांचं बघतीस न्हवं? पिंपळाच्या पानागत हलत्यात. मी न्हाई घेत."

अण्णा बाजेवरून हे ऐकत होते. अनसूयावहिनींना प्लॅस्टिकात गुंडाळून नेलेलं त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

"तुळजा, लस घे."

"अवो, तुमीच म्हनला ना, लसीनं झालं?"

"खोटं बोललो. थांब शुभांगे, तूबी ऐक. लसीनंतर पंधरा दिवस घेऊ नये म्हणत्यात, म्हणून दारू सोडली. त्यानं कापतंय."

"जरा घेणाऱ्याचं कशानं कापंल?" तुळजाबाईंनी विचारलं.

"जरा न्हाई." अण्णा जमिनीकडं बघत होते. "रोज. सकाळीबी घेतो, गोठ्यात."

"सकाळीबी?" तुळजाबाई म्हणाल्या.

शुभांगीनं कपाळाला हात लावला. "काका, पंधरा दिवसांचं तुमाला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? आणि रोजच्या पिणाऱ्यानं अशी झटक्यात सोडायची नसती. जिवावर बेततं. तुमीबी चला, डॉक्टर शाळेतच हायेत."

तिघं निघाली. ओट्याओट्यावर बाया उभ्या होत्याच. तुळजाबाई न थांबता, भाजीचा भाव सांगावा तशा सांगत गेल्या, "लसीचं काय न्हाई गं. आमच्या मालकांना दारूचं कापरं भरलंय." मागून अण्णा भिंत धरत चालले होते. मास्क त्यांनी डोळ्यांपर्यंत ओढला होता. गल्लीत तेवढा व्यवस्थित मास्क त्या वर्षात कुणी लावला नसेल.

डॉक्टरांनी अण्णांची नाडी बघितली, औषध दिलं, आजच मोठ्या दवाखान्यात दाखल व्हा म्हणून चिठ्ठी लिहिली.

"सोबत कोण राहणार?"

"मीच," तुळजाबाई म्हणाल्या. "दुसरं कोण येतंय?"

मग त्यांनी दंड पुढं केला. सुई झाल्यावर कापूस दाबून धरत वऱ्हांड्यातल्या बाकावर अण्णांच्या शेजारी येऊन बसल्या. ओट्यावरच्या दोघीतिघी फाटकातून आत आल्या होत्या. रांगेत उभ्या राहण्याआधी त्या लांबूनच तुळजाबाईंना न्याहाळत होत्या.

"दुखतंय का?" अण्णांनी हळूच विचारलं.

"अर्धा तास गप बसायला सांगितलंय," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमीबी बसा."