लॉरेटाने ऑगीचा दोरा तोडला

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. लॉरेटाला कळलं तर म्हणेल, "माझ्या घाबरटपणाचं एवढं काय कौतुक?" पण आता थांबले तर परत पुसेन, म्हणून एका दमात लिहून टाकते.

लॉरेटा कुबियाक, वय एकाहत्तर. अमेरिकेतल्या ईरी तळ्याकाठच्या बर्फात सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली बाईने, एकदाही गाडी खड्ड्यात घातली नाही. ही कशाला घाबरत असेल असं कुणाला वाटलंही नसतं. पण त्या नोव्हेंबरात तिला घास गिळवत नव्हता, आणि त्याला कारण तिचा थोरला भाऊ ऑगी.

एप्रिलमध्ये ऑगीला लकव्याचा झटका येऊन गेला. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय मात्र अजून फरफटत मागून यायचा. आणि आता पाऊस झाला होता, तळ्यातले स्टीलहेड मासे ओढ्यांमधून वर चढायला लागले होते. ऑगीचा फोन आला.

"लॉरे, पुरचुंड्या बांधायला घे."

गुलाबी जाळीच्या तुकड्यात माशाची चार-पाच अंडी ठेवायची, वर गाठ मारायची, ती पुरचुंडी गळाला लावायची. चाळीस वर्षं लॉरेटा बांधायची आणि ऑगी नावं ठेवायचा.

"काठावरूनच टाकायचा गळ. पाण्यात पाय घालायचा नाही," ती म्हणाली.

"काठावरून पाहुणे टाकतात. मी काय पाहुणा आहे?"

पाच मिनिटांनी त्याच्या बायकोचा, बर्निसचा फोन. "तो ऐकणार नाही, मला माहितीय. तू नेतेयस ना? मग परतही तूच आणायचा. स्वयंपाकघरातल्या खुर्चीपर्यंत. फाटकात सोडून पळायचं नाही."



मग तिने बेत आखायला घेतला. शनिवार-रविवार बाद, कारण तेव्हा ओढ्यावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. मंगळवार ठरला. पाऊस थांबल्यावर दोन दिवस पाणी गढूळ असतं, मग निवळून हिरवट होतं, आणि तेव्हाच मासा तोंड लावतो. ओढ्याची पातळी ती कॉम्प्युटरवर दिवसातून दहादा बघायची. किराणाच्या पिशवीमागे तिने नकाशा काढला. गाडी कुठे लावायची, उतारावर पावलं किती, कुठल्या झाडाला धरायचं. एल्क ओढ्याचा तळ म्हणजे पाटीसारखा सपाट दगड, त्यावर शेवाळं. धडधाकट माणूसही तिथे सांडलेल्या तेलावरून गेल्यासारखा चालतो. एका जागी पाणी जेमतेम नडगीपर्यंत होतं. पण तिथून तीस पावलं खाली तो दगड एकदम तुटतो आणि डोह लागतो. तिने डोहावर पेनाने गोल काढला, परत काढला, कागद फाटेपर्यंत काढला.

'मी त्याच्या खालच्या अंगाला उभी राहीन. पडलाच तर पाणी त्याला माझ्याकडेच आणेल.' सगळा बेत या एका गोष्टीवर उभा होता.

मंगळवारी सकाळी उजाडता उजाडता पोचले तर गाडी लावायला जागा नाही! शनिवारची गर्दी टाळणारा गावातला प्रत्येक म्हातारा तीच पातळी बघून, तोच हिशेब करून आला होता.

"परत जाऊ या का?" लॉरेटाने विचारलं. मनातल्या मनात ती देवाची विनवणी करत होती, हो म्हण रे, हो म्हण.

"उतर खाली," ऑगी म्हणाला.

छातीपर्यंतची रबरी विजार चढवून झाली. आत पाणी शिरू नये म्हणून कमरेला पट्टा असतो, तो तिने तीनदा ओढून बघितला.

"अगं, श्वास तरी घेऊ दे!"

त्या उथळ जागी सातजण उभे होते. त्यातला थॅड जुना दोस्त, ऑगीबरोबर कारखान्यात होता. त्याने आरोळी ठोकली, "सरका रे! कुबियाक आलाय. अजून जिवंत आहे म्हणे!"

"तुला पुरल्याशिवाय नाही जात," ऑगी म्हणाला आणि पाण्यात उतरलासुद्धा.

फट होती एकाचीच. लॉरेटाला जागा मिळाली वरच्या अंगाला, चार माणसं सोडून. खालच्या अंगाला नाहीच.

"मी मागे काठावर उभी राहते," ती म्हणाली.

"मागे उभी राहून आया होऊ नकोस," ऑगी सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, आणि सगळे हसले. ती वरच्या जागी गेली. गळ टाकला, पण नजर त्याच्या डाव्या बुटावर.

तासाभराने ऑगीच्या गळाची काठी वाकली.

"लागला!"

ही आरोळी ऐकली की ओढ्यावरच्या प्रत्येकाने आपला दोरा गुंडाळायचा, मागे सरायचं आणि त्या माणसाला वाट द्यायची. कुणी शिकवत नाही, पण जो हे करत नाही त्याच्याशी परत कुणी बोलत नाही. मासा खाली पळाला, त्याच्यामागे ऑगी, आणि एकेकजण अदबीने बाजूला. "जा ऑगी, जा!" थॅड ओरडला.  सगळे वाट देत होते म्हणजे हात पोचेल एवढ्यावर त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.

"ऑगी, थांब!"

"अगं, जाऊ दे त्याला!" लोक म्हणाले.

पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. मासा डोहाकडे ओढत होता आणि ऑगी हसत होता, एप्रिलनंतर पहिल्यांदा हसत होता. लॉरेटाने काठी फेकली आणि काठाने धावली. पाण्यात उतरली, घसरली, उठली, मागून त्याचा पट्टा धरला. ओढून बघितलं, तो हलेना. तिच्या गळ्यात दोरा कापायचा छोटा चिमटा लटकत होता. तिने दोरा कापला.

काठी सरळ झाली.  दुसऱ्याच्या दोऱ्याला इथे कुणी बोटही लावत नाही.

ऑगीने तिच्याकडे बघितलं. "मी पडत नव्हतो."

गाडी परत त्याच्या दारात आली. तिने त्याला खुर्चीपर्यंत सोडला. बर्निसने तिचा हात दाबला. ऑगीने तोंड फिरवलं.

अकरा दिवस फोन नाही. लॉरेटा फोन उचलायची, ठेवायची. तो खरंच पडत नसेल तर? माझ्या भीतीपायी मी त्याचा शेवटचा मासा घालवला असेल तर? आणि बाराव्या दिवशी पाणी परत हिरवं झालं. तिने कॉम्प्युटरवर आकडा बघितला. तोही बघत असणार. आता तो एकटा जाणार.

तिने थेट त्याचं घर गाठलं. बर्निस चर्चमध्ये पिएरोगी नावाच्या करंज्या करायला गेली होती. ऑगी स्वयंपाकघरात खुर्चीवर, ओली रबरी विजार अंगात तशीच. 

"गेला होतास?"

"काठापर्यंत. बूट भिजवले, बस." तो खाली बघत होता. "डावा निघत नाहीये. तासभर बसलोय."

ती जमिनीवर बसली, बूट दोन्ही हातांनी धरून ओढायला लागली.

"लॉरे, त्या दिवशी मला पाय कळतच नव्हता. आहे की नाही, तेच कळत नव्हतं. तू पट्टा धरलास ना, तेव्हा कळलं मी वाकडा झालोय." त्याने डावी मांडी चोळली. "फोन केला असता तर हे सांगावं लागलं असतं. लाज वाटत होती. आणि भीती."

"मला तर तू पुरचुंड्यांसाठी फोन केलास तेव्हापासून भीती वाटतेय, गाढवा."

बूट निघाला, आणि ती बूट हातात धरून मागे आडवी झाली. दोघं हसले की रडले कोण जाणे.

तुमच्याशी कुणी बोलत नसेल तर ते रागानेच असं धरून बसू नका. फोनही नको, फोनवर तो "बरा आहे" म्हणेल. उठा आणि जा त्याच्याकडे. या आठवड्यातच जा.