मथुरेचे शब्दांचे वाटे

आचऱ्याच्या तिठ्यावर मासे विकणारी मथुरा गिऱ्हाइकाला वाटा देते, तेव्हा वर एक मासा घालते. "घे गो, पोराक होतलो," असं म्हणत घालते. सगळ्यांना घालते. कंजूष म्हणून गावभर नाव असलेल्या दाजीलासुद्धा घालते. फक्त मला नाही. इथल्या हायस्कुलात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि तेवढ्या वर्षांत या बाईने माझ्या पिशवीत एक वरचा बांगडा टाकलेला नाही. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, बाई माजली आहे.

माजलीबिजली काही नव्हती. खरं कारण मला ठाऊक होतं, फक्त आठवायचं नव्हतं. मथुरा माझ्याच वर्गात होती. दहावीच्या सराव परीक्षेत तिला इंग्रजीत नऊ मार्क पडले. मी तिचा पेपर सगळ्यांसमोर धरला आणि म्हणालो, "तू आपली आईची टोपली घे. पुस्तक तुझ्या हातात शोभत नाही." वर्ग हसला. मीही हसलो. बोर्डाच्या परीक्षेला ती आलीच नाही.

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर ओझं बंद. गावात बायकांची मासळी संस्था आहे, तिच्या ऑफिसात एक जागा होती. खुर्चीत बसून नोंदी ठेवायच्या, हॉटेलवाल्यांशी फोनवर बोलायचं. अट एकच, दहावी पास. संस्थेची अध्यक्ष पार्वती तिला म्हणाली, "धावीक बस. निकाल लागासर जागा ठेवतंय. मगे माज्या हातात नाय." झालं. शेहेचाळिसाव्या वर्षी मथुरेने बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला. बाकीच्या विषयांना ती भीत नव्हती. भीती इंग्रजीची.

एका सकाळी मासे घ्यायला गेलो, तर बर्फाच्या थर्माकोल पेटीच्या झाकणावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं भाव असतील. वाचलं तर इंग्रजी शब्द! लाईट म्हणजे उजेड. नाईट म्हणजे रात्र. फाईट म्हणजे मारामारी. साईट म्हणजे दृष्टी. टाईट म्हणजे घट्ट.

"हा काय प्रकार?"

"वाटे," मान वर न करता ती म्हणाली. "ज्येंची शेवटची अक्षरां सारकी, ते एका वाट्यात. हो आय-जी-एच-टीचो. पाच झाले. सहावो गावलो की घालतलंय."

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी डिक्शनरी घेऊन गेलो आणि फर्मावलं, "शब्द ए पासून ओळीने पाठ करायचे."

तिने हात पुसले. "सर, बाजारात मासळी कोण नावाच्या पयल्या अक्षरान लावता? सारक्यात सारकी घालतत. मगे हात आपसूक थंय जाता."

डिक्शनरी काखेत मारून मी तणतणत घरी आलो. पण खरं सांगतो, माझ्या मुलांना मी तीस वर्षं नुसत्या याद्या दिल्या होत्या. ही बाई शब्दांना घर देत होती.

मग सगळा तिठाच त्यात पडला. गिऱ्हाइकाने आधी झाकणावरच्या एका शब्दाचा अर्थ सांगायचा, मग मासे. बोट म्हणजे होडी, गोट म्हणजे बकरो, थ्रोट म्हणजे घसो, फ्लोट म्हणजे तरंगणे. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीने त्यात 'ब्लोट' म्हणजे पोट फुगणे असा नवा शब्द घातला, तर मथुरेने खूश होऊन तिला दोन बांगडे वर दिले. 'टाईट'वर कोणी अडलं, की ती म्हणायची, "दाजीच्या मुठीक इचारा, तिका रोजचो अनुभव आसा." माघ सरेपर्यंत तिच्यामागे सव्वीस झाकणं रचली होती. मी रोज जात होतो. मासे नको असले तरी जात होतो.

परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि एका सकाळी झाकणं पालथी दिसली.

"माका जमाचा नाय, सर," मथुरा म्हणाली. तिच्या मांडीवर जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच होता. "अख्खो उतारो बघलंय आणि हात थंड पडले. तुमी तेवा सांगलास ता खरांच होता. पुस्तक माज्या हातात शोभणा नाय."

बाई, तीस वर्षं ते वाक्य जपून ठेवलं होतंस! तिठ्यावर गर्दी होती, दाजी उभा होता, पार्वती कोलंबी निवडत होती. जन्मभर मी गावात शुद्ध मराठी बोललो, पण त्या दिवशी तोंडातून घरचीच भाषा आली.

"मी चुकलंय गो मथुरा," सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो. "तेवा मी गाढव होतंय. ते नऊ मार्क माज्या शिकवण्याक पडले होते, तुका नाय."

मी एक रिकामी पेटी उलटी केली, तिच्याशेजारी बसलो आणि उताऱ्यातल्या पहिल्या अवघड शब्दावर बोट ठेवलं. "सांग, हो खंयच्या वाट्यातलो?"

तिने शब्द वाचला. मग एक झाकण सुलटं करून म्हणाली, "हेच्यातलो." दुसरा. तिसरा. माशा बसत होत्या, गिऱ्हाइकं थांबली होती, आणि अर्ध्या तासात आम्ही उताऱ्याच्या तळाला लागलो. पुढचे पंधरा दिवस मी रोज त्या पेटीवर बसलो.

निकाल तिच्या अपेक्षाने, म्हणजे मुलीने, तिठ्यावरच मोबाइलवर पाहिला. इंग्रजीत त्रेचाळीस. पास! पार्वतीने तिथेच ओरडून सांगितलं, सोमवारी खुर्चीत ये.

रविवार मथुरेचा तिठ्यावरचा शेवटचा दिवस. मी पाच बांगड्यांचा वाटा घेतला आणि पिशवी पुढे केली. तिने पाच टाकले. मग टोपलीत हात घालून सगळ्यात मोठा बांगडा निवडला आणि वर ठेवला.

माझे डोळे भरून आले. लाज वाटून मी म्हणालो, "एक जास्त इलो गो."

"म्हायती आसा, सर," मथुरा म्हणाली. "मोजूनच घातलंय."