चार पिवळी, एक निळं

आमचे सासरे कुणाच्याही घरी गेले, की चपला काढता काढता विचारायचे, "पानी कुठनं येतं तुमचं?" चहा नंतर, पंखा नंतर. आधी मोरीत डोकावणार, मग गॅलरीतून वाकून पाइप कुठून चढलाय ते बघणार. आम्ही डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेले पाहुणे हॉलच्या टाइल्सचं कौतुक करत होते आणि हिराजीमामा वर गच्चीत टाकीपाशी उभे. (सासऱ्यांना मी मामा म्हणत असे.) खाली येऊन म्हणाले, "आदी तोंड बगायचा, मंग पाट. तोंड गावला का अर्धा काम झाला." तोंड म्हणजे पाणी जिथून आत येतं ती जागा.

मामा गेल्या वर्षी, शिमग्यानंतर गेले. कळव्याच्या खाडीकाठचे आगरी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण मिठागरात, उघाडीवर. उघाडी म्हणजे बांधातला फळ्यांचा दरवाजा. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, किती घ्यायचं, कुठल्या वाफ्यात सोडायचं, हे सगळं मामांच्या हातात. एक फळी चुकीच्या वेळी उचलली, की पिकत आलेलं मीठ विरघळून परत खाडीत. पुढे मिठागर बंद पडलं, शेताच्या जागी इमारती आल्या, मामा दोन फ्लॅटचे मालक झाले. पण त्यांची चाल शेवटपर्यंत बांधावरची राहिली. अरुंद जागेत पाऊल टाकावं तसे ते आमच्या हॉलमधूनही चालायचे.

त्यांचा एक नेम होता. जावयाला 'नाही' म्हणायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला मी अक्कल पाजळली, "मीठ म्हणजे खाडीचं पाणी मोठ्या कढईत उकळूनच करतात ना?" उभा जन्म उन्हात मीठ पिकवलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "जावय, तुमी बोलताव तं बराबर." स्वयंपाकघरात मेव्हण्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. त्या का हसत होत्या, ते मला दोन वर्षांनी कळलं.

त्या घरात माझा दबदबा होता, कारण मी 'कंपुटरवाला जावय'. एका पतपेढीत मी संगणक विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच. प्रमुखाचं मुख्य काम प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता ओढून काढणं. हे सासुरवाडीला कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता एका दसऱ्याची गोष्ट. माझी बायको वैशाली म्हणजे मामांची धाकटी. गणितात हुशार, पण मुलांच्या पायी सोळा वर्षं घरात राहिली. मधल्या काळात तिने बी.एड. केलं, दहा शाळांत अर्ज केले. सगळीकडे एकच उत्तर, "इतका खंड पडलाय हो!" शेवटी परदेशातल्या मराठी मुलांना शिकवणाऱ्या एका ऑनलाइन शाळेने तिला नमुना तासाला बोलावलं. त्यांना कुठला दसरा? सकाळी साडेअकराची वेळ दिली. आदल्या दिवशीच मामा मुक्कामाला आले. लेक शिकवताना त्यांना बघायची होती.

सकाळी आम्ही स्कूटरची पूजा केली, शिलाई मशिनची केली, आणि मला सुचलं की आज ज्याच्या जिवावर सगळं आहे, त्या वायफायच्या डब्याची पूजा राहून कशी चालेल? बटण बंद करून, नेटच्या दोन्ही वायरी काढून मी डबा ओल्या फडक्याने पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. वायरी पुन्हा खोचल्या. एक खिडकीतून येणारी, एक वैशालीच्या कॉम्प्युटरला जाणारी. बटण दाबलं, डब्यावरचा वायफायचा दिवा लागला. मी हात जोडले.

अकराला कॉम्प्युटर लावला, तर त्यावर अक्षरं : नेटवर्क आहे, इंटरनेट नाही.

माझी सगळी विद्या मागच्या काळ्या बटणात आहे. बंद करा, चालू करा. मी तीनदा केलं. "कंपनीचंच गेलंय," असं जाहीर केलं. केबलवाल्याला फोन लावला, तर तो सणाला गावी. मोबाइलचं नेट आमच्याकडे फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात येतं, आणि खाली देवीच्या मिरवणुकीचा ढोल सुरू झालेला. सव्वाअकरा वाजले. वैशाली नवी साडी नेसून खुर्चीत बसली होती. नजर घड्याळावर.

"अगं, एक पिन दे," मी म्हणालो. डब्याच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. त्यात पिन दाबून धरली की सगळं नव्याने सुरू होतं, असं कुठेतरी ऐकलं होतं. तिने निरीतली पिन काढून दिली. मी पिन टेकवली.

"हात कार तिथनं!"

मी मागे वळून बघितलं. 'काढ' म्हणून ओरडणारे मामा होते. अठरा वर्षांत मला आवाज न चढवलेले मामा. वैशालीचं तोंड उघडं राहिलं.

ते पुढे आले. आवाज खाली आला होता, पण हात माझ्या मनगटावर होता. "जावय, ता भोक बारीक कनाला केलंय? बोट जाव नाय म्हून. जिथं बोट जाव नाय असा करून ठेवलंय, तिथं घाईत हात घालाचा नाय."

मग त्यांनी डबा उलटा केला. इंग्रजी अक्षर त्यांना एक वाचता येत नव्हतं. खिडकीतून आलेली वायर त्यांनी गजापासून बोटांत धरली आणि बांध चालावा तशी डब्यापर्यंत आणली. "ही भायेरची. ही खारी." खाडीला ते खारी म्हणत. "आथां बगा. चार भोकां पिवली, एका रांगेत. हे वाफे. एक निला, एकलाच बाजूला. ता तोंड. आनि तोंड मोकला! खारी तुमी वाफ्यात खोचलाव."

"पण मामा, दिवा लागलाय ना," मी अजूनही प्रमुखच होतो.

"वाफा बांधला म्हंजे पानी आलं असा नाय."

त्यांनी बाहेरची वायर पिवळ्यातून काढली आणि निळ्यात खोचली. टक् असा आवाज झाला. मिनिटभर काही नाही. मग इतका वेळ लाल असलेला, मी न बघितलेला एक दिवा हिरवा झाला. अकरा सत्तावीस. केबलवाल्याने नंतर सांगितलं, "साहेब, पिन दाबली असती तर सगळं सेटिंग पुसलं असतं. मी येईपर्यंत काही झालं नसतं."

तास सुरू झाला. मामा दाराच्या आड जमिनीवर बसले, कॅमेऱ्यात न येता. माझ्याशी नजर भिडवत नव्हते. जावयावर ओरडल्याची लाज. वैशाली पलीकडच्या मुलांना अपूर्णांक शिकवत होती. सोळा वर्षं घरात मुरलेला तो आवाज इतका स्वच्छ असेल, हे मलाही माहीत नव्हतं. मामांना अपूर्णांक कळत नव्हते. पण एखादं मूल बरोबर उत्तर द्यायचं, तेव्हा ते मांडीवर हळूच थाप मारायचे.

शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "छान झालं. एकच शंका आहे. घरून शिकवायचं म्हणजे नेट मधेच बंद पडलं तर? तुमच्याकडे हे सगळं कोण सांभाळतं?"

मी कॉलर नीट केली. पत्नीच्या पाठीशी उभा असलेला संगणक विभाग प्रमुख, असं काहीतरी आता कानावर पडणार होतं.

"माझे वडील," वैशाली म्हणाली.

"अरे वा! याच क्षेत्रातले का?"

"हो," ती म्हणाली. "आयुष्यभर."

दाराआडून मामांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. कॅमेऱ्यात मी दिसत नव्हतो, तरी हलवली.